‘कोल्हापुरी’ जगभर गेली. कारागिराचे नाव कुठे राहिले?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचा फॅशन शो भरविला. त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायात जी पादत्राणे होती, ती पाहून कोल्हापुरातील शाळकरी पोरानेही सांगितले असते की ही आपली कोल्हापुरी चप्पल आहे. कंपनीने मात्र तिला ‘लेदर सँडल’ एवढेच म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, महाराष्ट्राचे नाही, भारताचेही नाही. दोन-चार दिवसांत फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर एकच गदारोळ उठला. नेते बोलले, व्यापारी बोलले, ज्यांनी आयुष्यात कधी कोल्हापुरी पायात घातली नसेल तेही बोलले. अखेर कंपनीला महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य करावे लागले की हा नमुना भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांवरून स्फुरलेला आहे.

एवढ्या मोठ्या कंपनीला नमते घ्यावे लागले याचा आम्हालाही आनंद झाला. पण त्या आठवड्यात मोबाईलवर येणारा एकेक संदेश वाचताना एक गोष्ट आम्हास खटकत राहिली. ‘कोल्हापूरची अस्मिता’, ‘मराठी माणसाचा अभिमान’, ‘देशाचा वारसा’ हे शब्द हजारदा आले. ‘चर्मकार’ हा शब्द मात्र फार थोड्यांनी उच्चारला. ढोर समाजाचे नाव तर जवळजवळ कोणीच घेतले नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावणारा कोण? खिळा न मारता चामड्याच्या वादीने तळ शिवणारा कोण? वेणी घालणाऱ्या, गोंडे लावणाऱ्या बायका कोणाच्या घरातल्या? हे प्रश्न त्या गदारोळात कोणाला पडलेच नाहीत. प्राडाने कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण संतापलो, ते योग्यच होते. पण आपणही कारागिराचे नाव घेतले नाही, त्याचे काय? याचा विचार चळवळीने केला पाहिजे असे आम्हास वाटते.

नाव कागदावर कोणाचे?

आम्ही वकिली करतो, त्यामुळे कोणी ‘हे आमचे आहे’ म्हणाला की आम्ही आधी कागद विचारतो. कोल्हापुरी चपलेचा कागद काय सांगतो? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे बोलीभाषेत जीआय टॅग मिळाला. तो आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमाप्रश्नावर दोन राज्ये कितीही भांडोत, चप्पल शिवणाऱ्या हाताला सीमा नव्हती. अथणी आणि निपाणीकडचा कारागीर हा कोल्हापूरच्या कारागिराचा भाऊबंदच आहे.

या नोंदीचे मालक म्हणून मात्र एकाही कारागिराचे नाव नाही. मालक दोन आहेत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ. कायद्याने यात चूक काही नाही. भौगोलिक निर्देशांकाचा १९९९ चा कायदा अशी नोंद उत्पादकांच्या संघटनेला किंवा अधिकृत संस्थेलाच देतो, एकट्या माणसाला देत नाही. परंतु त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक उत्पादकाला आपले नाव स्वतंत्रपणे नोंदविण्याचा हक्क आहे. ज्याचे नाव त्या नोंदवहीत चढले, त्याला कलम २१ प्रमाणे नक्कल करणाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागता येते. ज्याचे नाव नाही, त्याने पिढ्यान्‌पिढ्या चप्पल शिवली असली तरी तो कायद्याच्या दृष्टीने तिऱ्हाईत!

याचा प्रत्यय लगेचच आला. काही वकिलांनी प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. तुम्ही या निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नाही, मालकांना दाद मागायची तर कायद्याने त्यांना मार्ग खुला आहे, तुम्ही मध्ये कोण? समाजमाध्यमावर लाखो लोक ओरडू शकतात, पण न्यायालयाच्या दारात नोंदवहीत नाव असलेल्याचेच ऐकले जाते. हा धडा आम्ही त्या दिवशी पुन्हा शिकलो.

आणखी एक बारकावा वाचकांनी ध्यानात घ्यावा. भौगोलिक निर्देशांक नावाला संरक्षण देतो, नमुन्याला देत नाही. ‘कोल्हापुरी’ असे म्हणून कोणी रेक्झिनची चप्पल विकली तर तो गुन्हा आहे. कलम ३९ व ४० प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल करून तिला ‘लेदर सँडल’ म्हटले तर हा कायदा तिथवर पोहोचत नाही. त्यातून आपल्या देशातली नोंद इटलीत आपोआप चालत नाही. म्हणजे नाव घेतले तर चोरी आणि नाव गाळले तर सुटका!

चळवळीच्या वाचकाला ही तऱ्हा नवी वाटू नये. श्रम घ्यायचे, वस्तू घ्यायची आणि ती कोणी केली त्याचे नाव घ्यायचे नाही, ही या देशातल्या जातिव्यवस्थेची फार जुनी युक्ती आहे. गावाने चप्पल पायात घातली आणि ती शिवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. देवळाच्या दारात चप्पल काढायची ती विटाळ होतो म्हणून, आणि ती करणाऱ्याला देवळाच्या दारापर्यंतही येऊ द्यायचे नाही. प्राडाने जे जूनमध्ये केले, ते आपल्या गावांनी शेकडो वर्षे केले आहे.

एका मुलीची तक्रार

हा गदारोळ शमल्यावर काही महिन्यांनी आमच्याकडे एक मुलगी आली. चर्मकार समाजातली, बी.कॉम. झालेली. वडील चप्पल शिवतात, आई वेणी घालते. मुलीने इन्स्टाग्रामवर वडिलांच्या नावाने पान काढले. वडील आरीने तळ शिवताना, आई वेणी विणताना, अशी छायाचित्रे टाकली. कापशी, पुकरी, बक्कलनाली असे एकेक प्रकार नावानिशी दाखविले. पुण्या-मुंबईहून मागणी येऊ लागली. दुकानदार जो जोड त्यांच्याकडून कमी पैशांत उचलून दुप्पट-तिप्पट दराने विकत असे, तो थेट गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला. घरात पहिल्यांदा दोन पैसे शिल्लक राहू लागले.

मग कोणीतरी त्याच नावाचे दुसरे पान काढले. नावात फक्त एक अक्षर जास्त. छायाचित्रे हिचीच, वडिलांचा चेहराही तोच. त्या पानावर तीनशे रुपयांत ‘अस्सल कोल्हापुरी’ मिळत होती. लोकांनी पैसे भरले, कोणाला रेक्झिनची चप्पल आली, कोणाला काहीच आले नाही. शिव्या मात्र या मुलीच्या पानावर आल्या. काही शिव्या फसवणुकीच्या होत्या, त्या समजू शकतो. पण फसवणूक झाली म्हणून जात काढण्याचे कारण काय? ‘शेवटी जात दाखवलीच’ असे लिहिणारे सुशिक्षित होते, स्वतःच्या खऱ्या नावाने लिहीत होते.

मुलगी वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथे विचारले गेले, ‘तुमचे किती पैसे गेले?’ ती म्हणाली, ‘आमचे पैसे नाही गेले, नाव गेले.’ त्यावर उत्तर मिळाले की मग गुन्हा कसला? दोन फेऱ्या झाल्या, अर्ज घेतला, पोच दिली नाही. तेव्हा ती आमच्याकडे आली.

आम्ही त्यांना सांगितले की गुन्हा आहे, आणि चांगला दखलपात्र गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क हे दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरण्याबद्दलच आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कलम ६६-ड हे संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविण्याबद्दल आहे, शिक्षा तेवढीच. पैसे ज्यांचे गेले ते फसवणुकीचे फिर्यादी, आणि ज्याचे नाव व चेहरा वापरला तो स्वतंत्र फिर्यादी. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करावा लागतो. ‘साहेब नाहीत, उद्या या’ याचे एक कारण हेही असते. आणि जात काढून सर्वांसमक्ष अपमान करणाऱ्यांचा विषय वेगळा, तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याचा.

लेखी तक्रार नीट कलमांसह गेली तेव्हा ती नोंदली गेली. कंपनीकडे दुसऱ्यांदा तक्रार केल्यावर ते तोतया पान बंद झाले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या नावाने पुन्हा उगवले. लढाई संपली आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवशी मुलीचे वडील आमच्या कार्यालयात जे बोलले ते आम्ही विसरू शकत नाही. ते म्हणाले, ‘साहेब, आजवर माझं नाव कुणी इचारलं न्हाई. आता चोरीला गेल्यावर कळलं, त्ये बी किमतीचं हाय.’

जूनमधील अभिमान, ऑक्टोबरमधील अपमान

नाव आणि चेहरा यांची चोरी केवळ गरीब कारागिराची होते असे कोणी समजू नये. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ येथल्या वकिलांनी आणि जनतेने ही मागणी लावून धरली होती. उद्घाटन करणारे होते सरन्यायाधीश भूषण गवई, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. राजर्षी शाहू महाराजांच्या नगरीत, ज्या संस्थानातल्या माणगावी मार्च १९२० च्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले, तेथे बाबासाहेबांच्या विचारांचा एक माणूस न्यायाचे दार उघडतो आहे, हे पाहून आमच्यासारख्या कित्येक वकिलांचे डोळे पाणावले.

दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्यापुढची गोष्ट आमच्या विषयाची आहे. त्यानंतर समाजमाध्यमांवर सरन्यायाधीशांच्या चेहऱ्याची मोडतोड करून, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या चित्रफिती फिरविल्या गेल्या. त्यात गळ्यात मडके अडकविलेले दाखविले होते. पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात जे मडके बांधले जाई, तेच मडके २०२५ साली यंत्राकडून काढून घेऊन देशाच्या सरन्यायाधीशाच्या गळ्यात घातले गेले! नवी मुंबईत याबाबत ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, पंजाब पोलिसांनीही अनेक खात्यांविरुद्ध गुन्हे नोंदविले.

वाचकांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. जूनमध्ये ज्या समाजमाध्यमांवर चप्पल ही अस्मिता होती, ऑक्टोबरमध्ये त्याच समाजमाध्यमांवर पादत्राण हे जातीचा अपमान करण्याचे हत्यार झाले. दोन्ही वेळी चालविणारे हात पुष्कळसे तेच असतील असे म्हटले तर आमची चूक होईल काय? चपलेचा अभिमान आणि चप्पल करणाऱ्या जातींचा तिरस्कार एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे आमचे दुखणे आहे.

सरन्यायाधीशांसाठी दोन राज्यांचे पोलीस हलले. नामवंतांसाठी न्यायालयेही हलतात. गायक अरिजित सिंग यांना २०२४ साली आणि आशा भोसले यांना २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, आवाज, चेहरा यंत्राच्या नकलेपासून वाचविणारे आदेश दिले. चांगले झाले. आवाज हीच ज्यांची आयुष्यभराची कमाई, त्यांचा आवाज दुसऱ्याने का विकावा? पण मग आरी हीच ज्याची आयुष्यभराची कमाई, त्याचा चेहरा दुसऱ्याने का विकावा? कायद्याचे तत्त्व दोघांना एकच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले की खासगीपण हा संविधानाच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे. तो हक्क नामवंतांपुरता दिलेला नाही. फरक एवढाच की नामवंत उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि आपला माणूस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहतो.

आपल्या माणसांनी काय करावे?

केवळ व्यवस्थेला दोष देऊन हा लेख संपविला तर तो वाचून कोणाचे काही भले होणार नाही. म्हणून वकील म्हणून काही गोष्टी सांगतो.

चप्पल करणाऱ्या बांधवांनी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद. अर्ज चेन्नईच्या भौगोलिक निर्देशांक कार्यालयाकडे जातो. त्याचे शुल्क २०२० साली अगदी नाममात्र करण्यात आले. नोंद झालेल्याला आपल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, नक्कल करणाऱ्याच्या गावी हेलपाटे मारावे लागत नाहीत. ही नोंद कुटुंबातल्या बाईच्या नावानेही व्हावी. वेणी तिची आणि कागद नवऱ्याचा, हे आपल्या चळवळीला शोभणारे नाही.

दुसरी गोष्ट, ‘कोल्हापुरी’ हे नाव सर्वांचे आहे, ते एकट्याचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. पण त्यापुढे लावलेले तुमचे स्वतःचे नाव, तुमचे चिन्ह, हे तुमचे एकट्याचे असू शकते. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला एका वर्गात ऑनलाइन अर्जाचे शुल्क साडेचार हजार रुपये ठेवलेले आहे, मोठ्या कंपन्यांना ते दुप्पट पडते. पादत्राणे पंचविसाव्या वर्गात येतात. नोंद नसली तरी कायदा दार लावत नाही. अनोंदित नावाचा गैरवापर झाल्यासही दावा करता येतो, फक्त ते नाव आधीपासून आपलेच होते हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. म्हणून जुनी बिले, जुनी छायाचित्रे, गिऱ्हाइकांचे संदेश जपून ठेवावेत. आपल्याकडे कागद फेकून देण्याची सवय फार आहे आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याचा इतिहास दुसराच कोणीतरी लिहितो.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी. मग तुम्ही चप्पल विका, शाळेत शिकवा किंवा जयंतीचे पान चालवा. तुमच्या नावाने तोतया खाते निघाले तर घाईने त्याच्याशी भांडत बसू नका. प्रथम त्या पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ज्या मोबाईलवर घेतले तो मोबाईल विकू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. मग त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. २०२१ साली आलेल्या नियमांनी तोतया ओळख आणि मोडतोड केलेल्या चित्रांबाबत तक्रारीनंतर २४ तासांत कारवाईची मुदत घातली. कंपनीने ऐकले नाही तर अपील समितीकडे जाता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, तासातासाने रक्कम हातची जाते. आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून उठू नका.

चौथी गोष्ट आमच्या तरुणांसाठी, आणि ती जरा कडू आहे. जून २०२३ मध्ये याच कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाईलवरील स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. एका स्टेटसने शहर वेठीस धरले जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिले. अशा काळात मित्राला पासवर्ड देणे, मंडळाच्या पानाची किल्ली दहा जणांकडे ठेवणे, जुना मोबाईल तसाच विकणे, हा निष्काळजीपणा परवडणारा नाही. तुमच्या खात्यावरून जे गेले त्याचा जाब पोलीस आधी तुम्हाला विचारतील. आणि आपल्या मुलाला तो इतरांपेक्षा जास्त कडक आवाजात विचारला जातो, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो. जयंतीच्या, वस्तीच्या, विहाराच्या प्रत्येक पानासाठी दोन जबाबदार माणसे नेमावीत आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

आणि महापुरुषांची बदनामी झाली तर रस्त्यावर उतरण्याआधी कायदा आठवावा. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लिखित, तोंडी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे अनादर करणे हा गुन्हा केला आहे. ‘अन्य कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत मोबाईलही आला. दगड उचलणारा हात आरोपी होतो, अर्ज लिहिणारा हात फिर्यादी होतो.

आपण आपलेही तपासू

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात तयार होणारे दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे आठशे युरोंना, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर, फेब्रुवारी २०२६ पासून विकले जातील असे जाहीर झाले. लोकांच्या रेट्याने एवढे घडले, हे लहान यश नव्हे. आमची मागणी एवढीच की अशा प्रत्येक करारात कारागिराला जोडामागे किती मिळाले हा आकडा महामंडळांनी जाहीर करावा. महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेवर क्यूआर कोड आणला आहे, तो स्वागतार्ह आहे. त्या कोडावर बोट ठेवले की शिवणाऱ्या पुरुषाचे आणि वेणी घालणाऱ्या बाईचे नाव दिसले पाहिजे, त्यांची संमती असेल तर. दोन हजार जोडांपैकी प्रत्येकाला आई-बाप आहेत, ते बेनाम राहता कामा नयेत.

दुसरे, कातड्याचा प्रश्न. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कच्चे कातडे महागले, कमावणाऱ्यांची कुंडे रिकामी पडू लागली. चपलेचा वारसा मिरविणाऱ्यांनी ढोर समाजाच्या त्या रिकाम्या कुंडांबद्दल कधी एक ओळ तरी लिहिली काय?

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला. जूनमधल्या त्या आठवड्यात आम्हीही ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून दोन-चार संदेश पुढे पाठविले होते. पण त्याआधी आम्ही सुभाषनगरातल्या किती कारागिरांच्या घरी गेलो होतो? किती जणांचा अर्ज आम्ही फुकट भरून दिला होता? आपण बौद्ध म्हणून एका बाजूला, चर्मकार बांधव दुसऱ्या बाजूला, मातंग तिसऱ्या, अशी जी आपापली वेगळी दारे आपण करून ठेवली आहेत, ती कोणी बाहेरच्याने बांधलेली नाहीत. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्या समाजाने डोकी फोडून घेतली, घरे जाळून घेतली, त्या समाजाला नावाची किंमत आम्ही वेगळी काय सांगावी? ती किंमत आपल्या शेजारच्या वस्तीतल्या, नाव नसलेल्या माणसालाही लागू होते, एवढेच आठवून देण्याचे धाडस आम्ही करतो.

बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना उभा राहिला. त्या पुतळ्यांपासून चप्पल लाइन चालत काही मिनिटांवर आहे. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही आणि आमचे काही वकील मित्र कारागिरांच्या वस्तीत बसणार आहोत. अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज, ट्रेडमार्कचा अर्ज, तोतया खात्याची तक्रार, यांपैकी जे लागेल ते विनामूल्य लिहून देऊ. प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या वकिलांनी महिन्यातली एक सकाळ अशी काढावी, अशी नम्र विनंती आहे. जय भीम!